दिवेलागणीला पडणारी लाइन

यवतमाळ जिल्ह्यात कुठेही एखादं यंत्र बसवायला गेलं की पहिला प्रश्न यंत्राचा नसतो, प्लगचा असतो. साहेब खोली दाखवतात, टेबल दाखवतात, भिंतीवरचे सत्काराचे फोटो दाखवतात. प्लग कुठे आहे असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. मग कोणीतरी कपाट सरकवतं. कपाटामागे प्लग असतो आणि त्यात कूलर लावलेला असतो.

माझी अर्धी हयात टेलिफोनच्या तारा ओढण्यात गेली आणि उरलेली कॉम्प्युटरच्या. खात्यातून बाहेर पडल्यावर मी यवतमाळात स्वतःचं काम सुरू केलं. शाळा, दवाखाने, कापसाची जिनिंग, पतसंस्था, जिथे म्हणून यंत्रांनी एकमेकांशी बोलावं अशी अपेक्षा असते तिथे वायर टाकायची आणि स्विच बसवायचा. स्विच म्हणजे दिवा लावायचं बटण नव्हे. हा एक चपटा डबा असतो. त्याला ओळीनं चौकोनी भोकं असतात, त्यांना आम्ही पोर्ट म्हणतो. पोस्टात पत्रं वेगळी करणारा माणूस जे काम करतो तेच हा करतो: आलेला निरोप कोणाचा ते बघायचं आणि त्याच्याच दारात टाकायचा. फरक इतकाच, की हा चहाला उठत नाही.

आमच्याकडे यंत्रांवर लोकांचा जीव असतो आणि यंत्रं बहुतेक त्या जिवानंच मरतात. महागावच्या बाजूला एका पतसंस्थेत ऐन मे महिन्यात स्विच बंद पडला म्हणून गेलो, तर तो कूलरच्या तोंडासमोर नेऊन ठेवलेला. त्याला उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून. पोर्टमधल्या तांब्याच्या काड्या हिरव्या पडल्या होत्या आणि आपल्या पाण्याचा पांढरा क्षार त्यावर बसला होता. बाहेर खातेदार भर उन्हात रांगेत उभे होते. त्यांच्यासाठी कूलर नव्हता. शिपाई काळजीनं म्हणाला, “भाऊ, त्याले ऊन लागलं असंल.” मी म्हटलं, ऊन नाही, सर्दी झाली आहे. त्याला ते पटलं. दसऱ्याच्या पूजेनंतर पोर्टमध्ये भरलेलं कुंकू दातकोरणीनं काढायचं काम मी किती ठिकाणी केलं असेल याचा हिशेब नाही.

तर प्लग. त्याच्या कटकटीतून सुटण्याची एक युक्ती आहे आणि या लेखापुरती तेवढी समजून घ्यावी लागेल. नेटच्या वायरीत तांब्याच्या आठ बारीक तारा असतात. त्यांतून निरोप जातात, आणि त्याच तारांमधून थोडी वीजही पाठवता येते. एका टोकाला मोठा स्विच, बॅटरीवर, कुलपात सुरक्षित. तो वायरीतून वीज सोडतो. दुसऱ्या टोकाच्या यंत्राला प्लग लागत नाही, त्याच वायरीवर ते जगतं. आणखी पुढची सोय अशी, की मध्येच एक लहान स्विच टांगता येतो. तोही वायरीतून आलेल्या विजेवर चालतो, स्वतःला लागते तेवढी घेतो आणि उरलेली पुढे देतो. वायर शंभर मीटरच्या पुढे गेली की निरोप थकतात, म्हणून लांबच्या इमारतीसाठी अशी मधली टप्प्याची जागा लागतेच. आणि ती जागा नेमकी अशा ठिकाणी येते जिथे वीज नसते.

पण एक ध्यानात ठेवावं लागतं. ही वीज मोजकी असते. कालव्याच्या शेपटाला ज्याचं शेत आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. वरच्यानं पाण्याचं एक बारं जास्त उघडलं की खालचा कोरडा. पोर्टांनाही मान असतो. वीज कमी पडली की पहिल्या पोर्टला हात लागत नाही. शेवटच्याचं ताट आधी उचललं जातं.

पांढरकवड्याहून आत, जंगलाच्या कडेला एका ट्रस्टचा दवाखाना आहे. ट्रस्टचं नाव सांगण्यात अर्थ नाही. त्यांच्या प्रत्येक भिंतीवर ते आहे. दवाखाना चांगला चालतो, हेही सांगितलं पाहिजे. आजूबाजूच्या आदिवासी पोडांवरून, तांड्यांवरून बायका बाळंतपणाला येतात. त्यासाठी ट्रस्टनं आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला नवा वॉर्ड बांधला. वॉर्ड बांधून झाल्यावर लक्षात आलं, की तिथे मोबाइलची रेंज नाही आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यवतमाळला बसतात. मग ठरलं, की वॉर्डात एक पडदा लावायचा. सिस्टरनं एक बटण दाबलं की ट्रस्टच्या यवतमाळच्या दवाखान्यातले डॉक्टर समोर दिसले पाहिजेत, त्यांना पेशंट दिसला पाहिजे. हे काम माझ्याकडे आलं.

मुख्य इमारत आणि वॉर्ड यांच्या बरोबर मध्ये एक बंद पडलेलं धोबीघर होतं. त्याचं वीजकनेक्शन कधीच कापलेलं. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर मी पत्र्याची पेटी ठोकली आणि तीत लहान स्विच बसवला, वायरीतल्या विजेवर चालणारा. पहिल्या पोर्टवर वॉर्डाचा पडदा, तोही याच विजेवर. बाकीची पोर्टं रिकामी. पेटीच्या दारावर ऑइलपेंटनं लिहिलं: ‘वॉर्डाची लाइन. यात दुसरं काही जोडू नये.’

उद्घाटन झालं. अध्यक्षांनी फीत कापली आणि पडद्यावर यवतमाळच्या डॉक्टरांशी बोलले. दोघांनी एकमेकांच्या तब्येतीची बराच वेळ चौकशी केली. तेवढ्यात वॉर्डातली एक बाई कळा येऊन ओरडायला लागली, तेव्हा तिला हळू ओरडायला सांगण्यात आलं.

वॉर्डाच्या मुख्य सिस्टर कमल राठोड. महागावकडच्या एका तांड्यातल्या. बोलायला कमी, आणि बोललेलं परत न घेणाऱ्या. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला थांबवून तो पडदा कसा लावायचा, बंद कसा करायचा, अडकला तर काय करायचं हे तीनतीनदा विचारून घेतलं. मला इतके प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक त्याआधी भेटलं नव्हतं. लोकांना बहुधा यंत्र आलं यातच समाधान असतं.

पुढची दोन-एक वर्षं तिथून काही तक्रार आली नाही. मग एका हिवाळ्यात व्यवस्थापकांचा फोन आला. काम किरकोळ होतं, ते म्हणाले: येऊन लाइन तपासायची आणि ती चालू आहे असं लिहून सही द्यायची. कशासाठी, हे मी तिथे गेल्यावर कळलं.

सुनंदा आत्राम नावाची मुलगी बाळंतपणाला आली होती. केळापूरच्या बाजूची, पहिलटकरीण. संध्याकाळी सासूबरोबर ऑटोनं आली. मुलगी झाली, चांगली झाली. त्यानंतर रक्त थांबेना. दवाखान्याचे डॉक्टर त्या दिवशी दुसऱ्या गावी शिबिराला गेले होते. वॉर्डात कमल सिस्टर आणि एक आयाबाई, दोघीच. सिस्टरनं आयाबाईला पडद्याचं बटण दाबायला लावलं. पडदा काळा. पुन्हा, पुन्हा. शेवटी आयाबाईला मोबाइल देऊन फाटकाकडे पळवलं, कारण रेंज तिथे मिळते. गाडी आली, पण उशिरा. सुनंदा यवतमाळच्या रस्त्यात गेली.

तिचा नवरा गणेश ट्रकवर ड्रायव्हर. त्या दिवशी तो कापसाच्या गाठी घेऊन हैदराबादच्या बाजूला होता. परतला तेव्हा सगळं झालं होतं. त्याच्या आईनं जे पाहिलं ते त्याला सांगितलं: सिस्टर नुसती बसून होती, तिनं तो टीव्ही लावलाच नाही. त्यानं तक्रार केली. दुसऱ्याच दिवशी दुपारी ट्रस्टच्या माणसानं वॉर्डात जाऊन बटण दाबलं. यवतमाळचे डॉक्टर लगेच पडद्यावर आले, नमस्कारही म्हणाले. म्हणजे यंत्र चालू आहे. म्हणजे सिस्टरनं वापरलं नाही. आता माझी सही झाली की त्यांना काढून टाकायला कागद पुरा होत होता. पंचवीसेक वर्षांच्या नोकरीचा शेवट, आणि वर हे नाव, की बाई मरत होती आणि ही बसून राहिली. तांड्यावर काय किंवा गावात काय, असं नाव लागलं की ते माणसाच्या आधी घरी पोचतं.

मी लाइन तपासली. दुपारची वेळ. काही दोष नव्हता. टेस्टर हिरवा, पडदा चालू, यवतमाळचे डॉक्टर हजर. पेटीपर्यंत मी गेलोच नाही; पडदा चालतो म्हणजे तीही चालू, असं धरलं. व्यवस्थापकांनी पेन पुढे केलं.

कमल सिस्टर दारात उभ्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “भाऊ, सही करायच्या अगोदर दिवेलागणीपावतर थांबता काय?”

व्यवस्थापक म्हणाले, सिस्टर, यांना परत यवतमाळला जायचं आहे. सिस्टर तरीही माझ्याकडेच बोलल्या. “दुपारी हे बरोबर चालते. संध्याकाळ झाली का जाते, सकाळी आपोआप येते. मी सांगून सांगून थकली. मले म्हणतात, तुमाले लावता येत नाही.”

नंतर कळलं, की त्यांनी खरोखरच सांगितलं होतं, एकदा नव्हे. त्यावर दवाखान्यात दोन मतं तयार झाली होती. एक मत असं, की धोबीघरातली वटवाघळं दिवेलागणीला बाहेर पडतात आणि वायरीला धडकतात. दुसरं मत व्यवस्थापकांचं: संध्याकाळी सिस्टर लोकांना मोबाइलवर मालिका बघायच्या असतात आणि पडद्यावरून यवतमाळच्या डॉक्टरांनी बघितलेलं नको असतं. मोबाइलला वॉर्डात रेंज नाही, हे या मताच्या आड आलं नव्हतं.

मी थांबलो. थांबण्यात माझा मोठेपणा नव्हता. पस्तीस वर्षं तारांवर काढलेल्या माणसाला ‘ठरावीक वेळेला जाते आणि आपोआप येते’ हे ऐकल्यावर सही करताच येत नाही. आपोआप काही येत नसतं.

ऊन उतरल्यावर मी पेटीजवळ गेलो आणि आधी ओळखलीच नाही. भिंतही बिस्किटी रंगाची, पेटीही बिस्किटी रंगाची. माझी अक्षरं त्या रंगाखाली गेली होती. तिरप्या उजेडात नुसते उंचवटे दिसत होते. मध्यंतरी कोणी मोठे पाहुणे येणार होते, त्यासाठी सगळं आवार रंगवलं गेलं. पाहुणे धोबीघराकडे फिरकणार नव्हते, पण रंगाऱ्याला तसं कोणी सांगितलं नव्हतं. पेटीतून आता एक नवी वायर निघून चिंचेखालच्या फाटकाकडे गेली होती. फाटकाच्या खांबावर एक कॅमेरा होता.

कॅमेऱ्याची हकिगत सिस्टरनीच सांगितली. पाहुण्यांची गाडी फाटकात शिरताना व्यवस्थापकांच्या खोलीत दिसावी, म्हणजे पुष्पगुच्छवाले वेळेवर पुढे होतील आणि बँड सुरू करता येईल, म्हणून तो लावला होता. पाहुणे आले, चहा न घेता गेले. कॅमेरा राहिला. बसवणारा माणूस कोण होता ते मला माहीत नाही. पण तो वरिष्ठांचा मान ओळखणारा होता. त्यानं वॉर्डाची वायर पहिल्या पोर्टमधून काढून शेवटच्यात लावली होती आणि कॅमेऱ्याला पहिलं पोर्ट दिलं होतं.

एवढं पाहिल्यावर मला काय होणार ते कळलं. तरीही होताना पाहायचं होतं. पेटीचं दार उघडं ठेवून एका उलट्या बादलीवर समोर बसलो. सिस्टर शेजारी उभ्या राहिल्या. कापूस वेचून परतणाऱ्या बायकांचा आवाज रस्त्यावरून येत होता. चिंचेखाली आधी अंधारलं, बाकी आवारात अजून नीट दिसत होतं. कॅमेऱ्याच्या काचेभोवती लाल ठिपक्यांचं कडं उगवलं, आणि त्याच क्षणी पेटीतला वॉर्डाचा दिवा विझला.

हे असं होतं. अशा कॅमेऱ्याला अंधारात बघायला स्वतःचे दिवे लागतात. आपल्या डोळ्यांना ते नुसते लाल ठिपके दिसतात, पण वीज खातात. दिवसा तो गरिबासारखा जेवतो, संध्याकाळी दुप्पट मागतो. लहान स्विचकडे द्यायला तेवढी वीज नसते. मग तो मान पाहून एकाचं ताट उचलतो. सकाळी उजेड झाला की कॅमेरा दिवे मालवतो, वीज उरते, वॉर्डाचं ताट परत मांडलं जातं. डॉक्टर मंडळी एरवी पडदा वापरायची ती दुपारीच. संध्याकाळी तो वापरायचा प्रसंग क्वचित. म्हणून इतके दिवस सिस्टरखेरीज कोणाला कळलं नाही.

मी टॉर्च एका बांबूला बांधला, फाटकाशी गेलो आणि उजेड कॅमेऱ्याच्या डोळ्यावर धरला. त्याला वाटलं सकाळ झाली. ठिपके विझले. थोड्या वेळानं पेटीकडून सिस्टरचा आवाज आला: “आला.” मी टॉर्च बाजूला घेतला. “गेला.” पुन्हा धरला. “आला.” मला पुरे झालं होतं, पण सिस्टर म्हणाल्या, अजून एकदा. मग अजून एकदा. आपण खरं बोलत होतो याची खात्री माणसाला इतक्या वेळा का करून घ्यावी लागते, हे ज्याला कोणी खोटं पाडलेलं नाही त्याला समजणार नाही.

मी बांबू खाली ठेवून आलो. मला वाटलं त्यांना हायसं वाटेल. त्या पेटीकडे बघत होत्या.

“भाऊ, लाइन लागली असती तं ती वाचली असती काय?”

मी म्हटलं, “सिस्टर, मले पोर्ट सांगता येते. हे नाही सांगता येत.”

“मी बसूनच होती,” त्या म्हणाल्या. “सासू खोटं नाही बोलली. हात आत होता माह्या. दाबून धरलं तवरिक रक्त कमी होत होतं. उठली असती तं तिथंच गेली असती.”

त्या गाडीतही तशाच बसून गेल्या होत्या, हे मला आयाबाईकडून कळलं.

दुसऱ्या दिवशी मी व्यवस्थापकांच्या टेबलाशी बसून काय झालं ते लिहिलं. साध्या भाषेत, कॅमेरा कशासाठी लावला होता त्या वाक्यासकट. त्यांनी दोनदा वाचलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. सत्कार आणि संकट या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आल्या की गडबडून जाणारे होते. म्हणाले, “तुम्ही नुसतं ‘तांत्रिक कारण’ लिहा ना. सिस्टरवर काही येणार नाही, मी बघतो. पाहुण्यांचा उल्लेख कशाला?”

मी म्हटलं, ‘तांत्रिक कारण’ आम्ही तेव्हा लिहितो जेव्हा कारण सापडत नाही. हे सापडलं आहे. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, बरं. त्या ‘बरं’ला त्यांना काय पडलं असेल ते त्यांचं त्यांना माहीत. पुढे कॅमेऱ्याला वेगळी वीज दिली गेली. सिस्टरची नोकरी राहिली. तक्रारही मागे घेतली गेली. हे सगळं यथावकाश झालं. मला सांगायचं आहे ते त्या आधीच्या एका दुपारचं.

ट्रस्टचा विचार गणेशला पत्रानं कळवण्याचा होता. कमल सिस्टर म्हणाल्या, कागद नको, त्याला बोलवा आणि या भाऊंना सांगायला लावा. मला परत बोलावणं आलं. माझ्या कामात मृत माणसाच्या घरच्यांना काही समजावून सांगण्याची वेळ कधी येत नाही. मी बसमध्ये शब्द जुळवत गेलो आणि तिथे पोचल्यावर त्यातला एकही उपयोगी पडला नाही.

गणेश हायवेला ट्रक उभा करून चालत आला होता. पंचविशीचा असेल. अंगावर धुळीचा थर, डोळे जागरणानं लाल. व्यवस्थापकांच्या खोलीत खुर्चीवर बसायला तयार नव्हता, कपडे खराब आहेत म्हणाला. व्यवस्थापकांनी आग्रह केल्यावर कडेला टेकला. सिस्टर दाराशी उभ्या होत्या. त्यानं त्यांच्याकडे बघितलं नाही.

“काका, मले समजंल असं सांगा,” तो म्हणाला. “माय म्हणते, सिस्टरनं टीव्हीच लावला नाही.”

मी सांगितलं. ड्रायव्हर माणूस, म्हणून गाडीच्या बॅटरीचं उदाहरण दिलं: एकाच बॅटरीवर हेडलाइट, हॉर्न, टेप, सगळं लावलं आणि बॅटरीत दम नसला तर काय होतं. त्याला लगेच कळलं. मग सिस्टरचा हात कुठे होता आणि त्या उठल्या का नाहीत, तेही मीच सांगितलं, कारण त्या सांगणार नव्हत्या. तो मान खाली घालून ऐकत होता. शेवटी त्यानं एकच विचारलं, कॅमेरा कायले लावला होता. मी व्यवस्थापकांकडे पाहिलं. व्यवस्थापकांनी स्वतः उत्तर दिलं, ही गोष्ट त्यांच्या बाजूनं नोंदवली पाहिजे. “पाहुण्यांची गाडी दिसावी म्हणून,” ते म्हणाले.

गणेशनं ते ऐकून घेतलं. रागावला नाही. काहीतरी जुळत आल्यासारखा माझ्याकडे वळला.

“म्हणजे मंग सुनंदा आली ते त्याच्यात असंल.”

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कोणाच्याच आलं नव्हतं. कॅमेऱ्याची चित्रं त्याच खोलीतल्या यंत्रात साठत होती. महिनाभराची तरी राहतात. मी व्यवस्थापकांना विचारलं, त्यांनी मान हलवली. चहाचं सांगून येतो म्हणून ते बाहेर गेले आणि परत आले नाहीत.

मी तो दिवस शोधला. ती संध्याकाळ काढली. फाटक, चिंच, रिकामा रस्ता. एक कुत्रं आडवं गेलं. मग ऑटो आला. आधी सासू उतरली. मग सुनंदा. अंगावर हिरवी साडी, पिवळी शाल. सासूनं हात धरला तर तिनं तो सोडवला आणि ऑटोच्या दांडीला धरून स्वतःच खाली आली. पदर सारखा केला. ऑटोवाल्याला काहीतरी म्हणाली, तो हसला. मग हळूहळू, एक हात कमरेवर ठेवून, ती फाटकाकडे चालत आली. कॅमेऱ्याच्या दिशेनं, म्हणजे आमच्याच दिशेनं. चेहरा नीट दिसायला लागला होता. घाबरलेली नव्हती. कुठे तरी वेळेवर पोचलेल्या माणसासारखी दिसत होती.

गणेश खुर्चीवरून उठून पडद्याजवळ गेला होता.

ती फाटकात आली आणि चित्र एकदम करडं झालं. साडी राखाडी, शाल पांढरी. डोळे चमकले, अशा कॅमेऱ्यात चमकतात तसे. ती चालत होती तशीच चालत आत गेली.

“रंग काहून गेला?” गणेशनं विचारलं.

मला सांगावं लागलं, की कॅमेऱ्यानं त्याचे रात्रीचे दिवे लावले की चित्र असं होतं. “इथंच लाइन पडली,” मी म्हटलं.

“अजून तं उजेड होता, काका.”

उजेड होता. मागे रस्त्यावर उन्हाचा शेवटचा पट्टा दिसत होता. चिंचेच्या सावलीमुळे कॅमेऱ्याला तो कळला नव्हता.

“मांगं घ्या,” तो म्हणाला.

मी मागे घेतलं. ऑटो पुन्हा आला. सासू उतरली. सुनंदानं हात सोडवला, पदर सारखा केला, ऑटोवाला हसला. ती फाटकाकडे यायला लागली.

“इथं. इथं थांबवा.”

मी थांबवलं. हिरवी साडी, पिवळी शाल, एक पाऊल पुढे. कमल सिस्टर दारातून आत आल्या आणि त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. दोघंही पडद्याकडेच बघत होते.

“हात नाही सोडला ना तुमी, सिस्टर?” त्यानं तिकडे न वळता विचारलं.

“यवतमाळपावतर नाही सोडला.”

त्यानं मान हलवली. बाहेर कोणाचं तरी बाळ रडत होतं, ते शांत झालं. मी हात बटणापासून काढून मांडीवर ठेवला आणि तो सांगेल तेव्हा बंद करायचं म्हणून बसून राहिलो.